डिट्टो

रजिस्टरचं ते पान मी आता इतक्यांदा बघितलंय की डोळे मिटले तरी त्याच्या रेघा दिसतात. मोर्शी तालुक्यातल्या एका लहान गावातल्या जिल्हा परिषद शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, साल १९५७-५८. नऊ मुलींची नावं एकाखाली एक. सगळ्या दुसरी-तिसरीतल्या, आणि सगळ्यांची नावं दिवाळी ते संक्रांत एवढ्या अडीच महिन्यांत कमी केलेली. शेवटाकडच्या रकान्यात 'शाळा सोडल्याचे कारण'. पहिल्या मुलीपुढे गुरुजींनी निळ्या-काळ्या शाईत अगदी सुबक अक्षरात लिहिलंय, 'कापूस वेचण्यास जाते'. तिच्याखालच्या आठ जणींपुढे फक्त दोन-दोन बारीक रेघा. डिट्टो, डिट्टो, डिट्टो, खालपर्यंत.

हे पान मला माझ्या एका विद्यार्थिनीनं मोबाईलमध्ये दाखवलं. मी एका तालुक्याच्या गावी चित्रकला शिकवते, आमचं कॉलेज म्हणजे दोन मोठ्या खोल्या, एक पत्र्याचं शेड आणि मागे कडुनिंब. मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीनं येतात, बहुतेकांना आर्ट टीचर डिप्लोमा करून कुठेतरी ड्रॉईंगचं शिक्षक व्हायचं असतं, आणि पहिल्या वर्षी विचारलं की चित्र कशाचं काढणार तर उत्तर ठरलेलं, निसर्गचित्र. डोंगर, झोपडी, नारळाचं झाड. आमच्याकडे नारळाचं झाड शोधायला गेलं तर सापडत नाही, तरी चित्रात नारळ. त्यात मुलांचा काही दोष नाही, त्यांना आधी दिसलेली चित्रंच तशी. म्हणून तीन वर्षांपासून मी एक काम देते. घरातला, गावातला, मठातला, शाळेतला, कुठलाही जुना लिहिलेला कागद शोधा, तो नीट वाचा, आणि त्याच्यातून नवीन काम करा. वाचल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही.

या कामाची सुरुवात आम्ही रिद्धपूरला जाऊन करतो. दुसरीकडून सुरुवात करणं मला जमणारही नाही, कारण इथून तासाभराच्या अंतरावर मराठीतलं गद्य पहिल्यांदा ग्रंथ म्हणून उभं राहिलं आणि आमच्या निम्म्या मुलांना ते गाव फक्त बसच्या पाटीवर माहीत असतं. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ आलंय, २०२४ पासून, त्यामुळे नाव तरी कानावर पडतं. तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीसेक वर्षांत म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या चक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा करून तिथे लीळाचरित्र केलं. गोळा करून म्हणजे खरोखर माणसांकडे जाऊन, ज्यांनी पाहिलं, ऐकलं त्यांना विचारून, पडताळून. स्वामींच्या मागे पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांचं त्यावर लक्ष होतं. आणि मग पुढच्या शतकाच्या सुरुवातीला खिलजीच्या फौजांची धाड आली, त्या धावपळीत मूळ प्रत गेली. गेली म्हणजे गेलीच. नंतर जे उभं राहिलं ते लोकांच्या पाठांतरातून. हिराइसा नावाच्या बाईला ते सगळं तोंडपाठ होतं असं परंपरा सांगते, तिचा पाठ वेगळा, दुसऱ्यांचे पाठ वेगळे.

मला स्वतःला यातली एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, आणि मी ती मुलांना दरवर्षी सांगते. या पोथ्यांमध्ये एखादी लीळा, म्हणजे स्वामींचा एखादा प्रसंग, सांगून झाली की मध्येच 'वासना' नाहीतर 'शोधु' असा शब्द येतो. आपल्याला वासना म्हणजे भलताच अर्थ माहीत असतो, पण इथे तो म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी आठवण, जी पहिल्यापेक्षा थोडी वेगळी आहे. अमक्याला ही गोष्ट अशी आठवते. तमकी म्हणते ते ठिकाण हे नव्हतं, ते होतं. लिहिणाऱ्यानं एक खरी मानून दुसरी खोडली नाही, दोन्ही ठेवल्या. सातशे वर्षं त्या दोन्ही आठवणी एकाच पानावर बाजूबाजूला बसल्यात.

मठात एका वयस्कर बाबांनी आम्हाला रुमाल सोडून पोथी दाखवली. हात धुऊन या म्हणाले, मुलांनी हात धुतले, रांगेत बसली. पान समोर आलं तेव्हा सगळी गप्प. अक्षर तर देवनागरीसारखं दिसतं, ओळीन् ओळ सरळ, काळीभोर शाई, पण वाचायला गेलं तर काहीच लागत नाही. सकळ लिपी. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर घालायचं, अशी अदलाबदल करून लिहिलेलं मराठीच आहे ते, पंथाबाहेरच्याला कळू नये म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि मग बाहेरच्या अभ्यासकांना हे ग्रंथ वाचता यायला लागले. आपल्या विदर्भातल्याच माणसांनी पुढे आयुष्यं घातली त्यात, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने, मलकापूरजवळच्या नरवेलसारख्या खेड्यात १९०८ साली जन्मलेले वि. भि. कोलते. कोलत्यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र १९७८ साली निघालं.

त्या दिवशी परत येताना एसटीत एका मुलानं मला विचारलं, मॅडम, भाषा आपलीच हाये अन् वाचता येत नाही, हे कसं वाटते ना. मी म्हटलं याचंच चित्र काढ. त्यानं काढलं नाही, दुसरंच काहीतरी केलं, पण प्रश्न माझ्याजवळ राहिला.

आता मूळ कागदाला फेविकॉल लावायचा नाही हा माझा नियम. याबाबतीत मी कडक आहे आणि त्याला कारण आहे. नागपूरला शिकत होते तेव्हा शेवटच्या वर्षाला मी माझ्या आजोबांची पोस्टकार्डं वापरून मोठं कोलाज केलं होतं. आजोबा वर्धा जिल्ह्यात पोस्टमन होते, घरी पत्र लिहायची त्यांना फार हौस, आजीला लिहिलेली सत्तर-ऐंशी कार्डं एका डब्यात होती. मी ती बोर्डावर चिकटवली. पत्त्याची बाजू वर ठेवली, कारण त्या बाजूला तिकिटाचा छाप, पोस्टाचे गोल शिक्के, काळ्या शाईचे डाग, ते सगळं फार सुंदर दिसत होतं. सगळ्यांनी वाखाणलं. घरी आईनं बघितलं आणि एवढंच विचारलं की मागे काय लिहिलं होतं ते तू वाचलंस का आधी. मी वाचलं नव्हतं. दोन-चार वाचली असतील. आजोबांनी आजीला काय लिहिलं ते आता कोणालाच कळणार नाही, ते बोर्डाकडे तोंड करून गोंदात बसलंय, आणि बोर्डाला पुढे वाळवी लागली. आजी तेव्हा हयात होती. ती मला काहीच म्हणाली नाही. ते मला आजही सहन होत नाही.

म्हणून मुलांना आधी नक्कल करायला लावते. ट्रेसिंग पेपर ठेवून नाही, शेजारी कागद ठेवून, हातानं, ओळ न् ओळ, चुकांसकट, खाडाखोडीसकट. हे काम त्यांना कंटाळवाणं वाटतं, पहिले दोन दिवस तर फारच. पण नक्कल करता करता हात वाचायला लागतो. लिहिणारा कुठे थांबला, कुठे दौतीत टाक बुडवला, कुठे घाई झाली, कुठे झोप आली असेल, हे डोळ्याला दिसत नाही ते बोटांना कळतं.

दर्यापूरकडचा एक मुलगा होता, त्यानं आजोबांची पेटी आणली. पेटीत कापूस एकाधिकार खरेदीच्या, म्हणजे सगळा कापूस सरकारच विकत घ्यायचं त्या काळातल्या काटापट्ट्या. ती योजना १९७२ ला सुरू झाली, म्हणजे त्याच्या बापाचं बालपण सगळं त्या पट्ट्यांमध्ये. किती क्विंटल, किती किलो, कोणती प्रत, काय भाव, कपात किती. त्याला आधी वाटलं की पट्ट्याच चिकटवू, मी पेटी काढून कपाटात ठेवली. मग पंधरा दिवस नुसते आकडे उतरवत बसला. एक दिवस येऊन म्हणाला की मॅडम, आमच्या विहिरीचं पाणी आणू का. त्याचं गाव खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीतलं पाणीच खारट, पिऊन बघा तर जीभ आखडते. त्यानं ते पाणी घरी आटवून आटवून बाटलीत आणलं, काळा कागद घेतला आणि ब्रशनं त्या पाण्यानं आकडे लिहिले. ओलं असताना काहीच दिसत नव्हतं. आम्ही जेवायला गेलो, परत आलो तर कागदावर पांढुरके आकडे वर आले होते, मिठाचे, हात लावला की थोडे झडणारे. इतक्या वर्षांचा कापूस. त्याचे वडील बघायला आले तेव्हा एका आकड्यापुढे बराच वेळ उभे होते, नंतर म्हणाले की ह्या साली बहिनीचं लग्न केलं होतं. एवढंच. पावसाळ्यात हवा दमट झाली तसे ते आकडे पाझरले आणि आता कागदावर फक्त डाग आहेत. मी त्याला म्हटलं फोटो काढून ठेवला असता. तो म्हणाला पट्ट्या तर हायेत ना पेटीत. मला ते पटलं.

तर डिट्टोवाली मुलगी.

ती त्या शाळेत चित्रासाठी गेलीच नव्हती. धाकट्या भावाच्या जात पडताळणीसाठी गेली होती. आमच्या भागात जुनी रजिस्टरं उघडली जातात ती बहुतेक याच कामासाठी, ओबीसी असेल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणून लोक आजोबाच्या, पणजोबाच्या नावाची नोंद शोधत शाळेशाळेत फिरतात. हेडमास्तर लाल कापडात बांधलेला गठ्ठा काढून देतात, नाव सापडलं, नक्कल घेतली, सही-शिक्का झाला की गठ्ठा परत कपाटात. तिला आजोबांची नोंद सापडली. चौथी पास. आणि पानं उलटताना पुढे आजीचं नाव दिसलं. आजी त्याच गावची, गावातल्या गावातच दिलेली. घरात सगळ्यांना वाटायचं आजी शाळेत गेलीच नाही कधी. आजीनं कधी सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं. तिसरीपर्यंत गेली होती. कारण, डिट्टो.

ती परत गेली, माझी चिठ्ठी घेऊन. हेडमास्तर भले माणूस, बसायला जागा दिली, फक्त एवढं म्हणाले की पान फाटता कामा नये आणि जातीचा रकाना चित्रात यायला नको, लोक अजून गावात हायेत. हे मला फार मोलाचं वाटलं. ज्या रकान्यासाठी ते रजिस्टर जपून ठेवलंय तोच झाकायचा.

रजिस्टर स्वतःच एक वस्तू आहे बघण्यासारखी. पुठ्ठ्यावर छापलंय मध्यप्रांत व वऱ्हाड. आतले सुरुवातीचे शिक्के मध्यप्रदेशचे, कारण तेव्हा आपण नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होतो. १ नोव्हेंबर १९५६ नंतर मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. शाळा आधी जनपद सभेची, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक संस्थेची, १९६२ ला जिल्हा परिषद आली तशी तिची झाली. पंधरा वर्षांत एवढं सगळं बदललं आणि अक्षर मात्र एकाच गुरुजींचं, तोच वळणदार 'श', तोच लांब शेपटीचा 'र'. हळूहळू अक्षर थोडं थरथरायला लागतं, मग एका पानापासून दुसरं अक्षर सुरू होतं. कडेला कसरीनं खाल्लेली नक्षी. तिनं ते सगळं उतरवलं, तीन दिवस, वर्गाच्या व्हरांड्यात बसून, लहान लेकरं भोवती जमायची आणि ताई काय करून राहिली म्हणून बघायची.

नक्कल घेऊन ती आजीकडे गेली. वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "कापूस वेचाले? मी? लबाड हाये ते. कापूस वेचाले माही मोठी बहीन जाये मायसंगं. मी घरी राहो लहान्या भावाले घिऊन. थो लय रडे. एक दिवस त्याले कडेवर घिऊन शायेत गेली तं पोट्टे हासले. मंग नाही गेली."

मुलगी दुसऱ्या दिवशी कॉलेजात आली आणि मला म्हणाली, मॅडम, रजिस्टर चुकीचं हाये. तिचा चेहरा मी विसरणार नाही. तिला वाटत होतं की आता कामच संपलं, कागद खोटा निघाला. मी तिला विचारलं, रिद्धपूरला आपण काय बघितलं होतं? ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, वासना. मग म्हणाली, मंग बाकीच्या सात जणीईले बी विचारा लागन.

इथून पुढचं काम तिचं तिनं केलं, मी फक्त एसटीचं भाडं आणि काळजी एवढंच केलं. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पोरी शोधायच्या म्हणजे काय सोपं आहे का, रजिस्टरमध्ये माहेरचं नाव, बापाचं नाव, आणि लग्न होऊन नाव बदललेलं, गाव बदललेलं, कुठे गेली कोणाला ठाऊक. पुरुषाचं नाव गावात राहतं, शेतावर राहतं, सातबाऱ्यावर राहतं. पोरीचं नाव नांदायला गेलं की बदलतं. तरी गावातल्या म्हाताऱ्यांना सगळं आठवतं हे आम्हाला तेव्हा कळलं, फक्त कोणी विचारायला पाहिजे. ते नाव घेतलं की लगेच, अवं थे तं वरुडकडं देल्ली होती, थिची पोरगी अचलपूरले हाये. एका आठवणीवरून दुसऱ्या घरी, तिथून तिसऱ्या. म्हाइंभट असेच फिरले असतील का, असं मला सारखं वाटत होतं.

जिच्यापुढे पूर्ण कारण लिहिलंय ती पहिली मुलगी वारलेली. तिची भाची म्हणाली की हो, ती वेचायला जायची, बाप नव्हता. म्हणजे गुरुजींनी एकीचं खरं कारण लिहिलं आणि बाकीच्यांना तेच पुरवलं. आणखी दोघी वारल्या. एकीचा पत्ताच लागला नाही.

ज्या भेटल्या त्यांचं सांगते. एक गावातच होती, आजीची मैत्रीण. तिचं घर नाल्यापलीकडच्या वस्तीत, पावसाळ्यात नाल्याला पाणी, तीन महिने येणं-जाणं बंद, दिवाळीनंतर शाळेत गेली तर नाव कापलेलं. दुसरी चांदूर बाजारकडे दिलेली, ती म्हणाली, पोट्टे बाराखडी म्हनत अन् आमाले वर्ग झाडाले लावत, मंग घरीच झाडलेलं काय वाईट. हे सांगताना तिच्या आवाजात जो राग होता तो काल घडल्यासारखा होता.

आणि तिसरी वरुडजवळच्या खेड्यात, तिची गोष्ट मला सगळ्यात आवडली कारण ती आमच्या अपेक्षेत कुठेच बसत नव्हती. तिनं खरंच कापसासाठी शाळा सोडली आणि आनंदानं सोडली. गुरुजींनी डिट्टो मारला तो तिच्याबाबतीत बरोबर लागला. म्हणाली सीतादहीच्या दिवशी, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेला, मायसंगं वावरात गेली, पांढरं शुभ्र वावर, दह्या-भाताचा निवद, गाणी, मंग शायेत कोन जाते. आठवड्याच्या शेवटी हातात नवे पैसे आले. नये पैसे तेव्हा नुकतेच निघाले होते, १९५७ च्या एप्रिलमध्ये, त्याआधी आणे. त्या चकचकीत नाण्यांच्या तिनं बांगड्या भरल्या, हिरव्या. माझी विद्यार्थिनी तिला विचारत होती, मग आता वाईट वाटतं का शिकायचं राहिलं म्हणून. ती म्हणाली, "वाटते ना. पन बांगड्याईचं बी वाटते."

हे वाक्य तिनं जसंच्या तसं टाकलं पुढे. प्रमाण मराठी करायचं का असं तिनं मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं. गुरुजींनी प्रमाण मराठीत लिहिलं होतं तेच तर. रजिस्टरमध्ये 'कापूस वेचण्यास जाते' आणि तोंडात 'वेचाले जाये', यांच्यामध्ये जे अंतर आहे तेवढ्याच अंतरावर या बाया उभ्या होत्या, त्यांना तिकडून इकडे आणताना पुन्हा तोच सदरा घालायचा कशाला.

एक बाई मात्र नाही म्हणाली. चहा दिला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि म्हणाली, "माहं नाव नोको टाकू वो माय." कारण सांगितलं नाही. मुलीनं विचारलंही नाही. घरी येताना बसमध्ये ती रडली असं तिनं मला नंतर सांगितलं.

काम असं झालं. मांजरपाट घेतलं, रजिस्टरच्या पानाच्या सहापट मोठं. आजीचं जुनं लुगडं अस्तर म्हणून मागे. रकान्याच्या रेघा लाल दोऱ्यानं, धावदोरा, जसा वाकळीला घालतात तसा, तो आजीनंच घालून दिला कारण पोरीचा टाका सरळ येत नव्हता. नावं, फक्त स्वतःची, बापाचं नाव नाही, आडनाव नाही, जातीचा रकाना रिकामा, नुसतं कोरं कापड. अक्षराचं वळण मात्र त्या गुरुजींचंच ठेवलं, नक्कल करून हातात बसलं होतं ते. पहिल्या ओळीला 'कापूस वेचण्यास जाते' निळ्या-काळ्या दोऱ्यानं. खाली आठही जणींपुढे डिट्टोच्या रेघा, रजिस्टरमध्ये आहेत तशाच. गुरुजींचं लिहिलेलं तिनं काढलं नाही. ज्या चौघी बोलल्या त्यांच्या डिट्टोच्या शेजारी, बारीक पांढऱ्या दोऱ्यानं पांढऱ्यावर, त्यांचं म्हणणं. जवळ गेल्याशिवाय, मान तिरकी केल्याशिवाय वाचता येत नाही. नको म्हणाली तिच्या नावाच्या जागी कापड कोरं, आणि ज्यांना विचारता आलं नाही त्यांच्याही नावाच्या जागी कोरं, फक्त डिट्टो. म्हणजे कोण वारली, कोणाचा पत्ता लागला नाही आणि कोण नाही म्हणाली हे बघणाऱ्याला कळत नाही.

यावर आमच्यात वाद झाला होता. वर्गातल्या एका हुशार मुलानं सुचवलं की वारलेल्यांची कारणं कल्पनेनं घाल, कलाकाराला तेवढं स्वातंत्र्य असतं, आणि काम जास्त भरीव होईल. बाहेरचे एक पाहुणे कलाकार आले होते त्यांचंही तेच म्हणणं पडलं. मुलगी गोंधळली. मला मात्र यात शंका नव्हती आणि आजही नाही. त्या बायांना आधीच एकदा कोणीतरी न विचारता कारण चिकटवलंय. आपण कितीही चांगल्या मनानं, कितीही सुंदर दोऱ्यानं दुसरं चिकटवलं तरी ते तेच काम झालं. मला माझी पोस्टकार्डं आठवत होती. जे वाचलं नाही, ऐकलं नाही, ते माहीत असल्यासारखं दाखवायचं नाही. रिकामं तर रिकामं. पाहुण्यांना हे पटलं नाही, असू द्या.

२६ जानेवारीला ध्वजवंदन झाल्यावर त्याच शाळेच्या व्हरांड्यात आम्ही ते कापड दोरीवर टांगलं. गॅलरी-बिलरीत नंतर बघू, आधी इथे, असं तिनंच ठरवलं होतं. गावातली माणसं आली, पोरं जिलेबी खात खात बघून गेली, गावातल्या दोघी म्हाताऱ्या आल्या. आजीनं चष्मा लावला, कापडाच्या अगदी जवळ गेली, आणि बोट ठेवून एकेक अक्षर लावत स्वतःचं नाव वाचलं. मोठ्यानं. मग पुढच्या डिट्टोवर बोट ठेवून विचारलं, हे काय वाचाचं असते? नातीनं सांगितलं की वरच्यासारखंच, असा त्याचा अर्थ. आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग बोट बाजूला सरकवून पांढऱ्या दोऱ्यावर आणलं आणि ते वाचायला लागली, अडखळत, भावाला कडेवर घेऊन शाळेत गेल्याचं, पोरं हसल्याचं. वाचून झाल्यावर मैत्रिणीला म्हणाली, तुवं कुठी हाये, आन दाखव. मैत्रिणीला वाचता येत नव्हतं. आजीनं तिचं वाचून दिलं.

दुपारी आम्ही कापड उतरवायला लागलो तेव्हा एक साठीचे गृहस्थ आले, शेतातून थेट आले असावेत, हातात विळा होता. त्यांनी नावं वाचली, कोऱ्या जागा बोटानं मोजल्या आणि विचारलं, इथी सातव्या ओयीत कोन होतं? मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तिनं हळूच नाव सांगितलं, ज्या एकीचा पत्ता लागला नव्हता तिचं. ते म्हणाले, माही आत्या हाये ते. मुलताईकडं देल्ली. जित्ती हाये अजून, कानानं कमी आयकते, पन बोलते चांगली.

मुलताई म्हणजे मध्यप्रदेश, बैतूल जिल्हा, वरुडवरून गाडी मिळते. रविवारी जायचं ठरलंय, मी पण जाणार आहे. कापड माझ्याकडे कपाटात आहे. मुलीनं त्या रात्रीच सातव्या ओळीत नावासाठी पेन्सिलनं दोन रेघा मारून ठेवल्यात, पुसता येतील अशा फिक्या, कारण आत्या काय म्हणेल ते अजून विचारायचंय.